तुम्ही विचारलंत म्हणून: तिथं आपलं कोण आहे?

आमच्या गोंदिया जिल्ह्यातलं नवेगावबांध बघायला आलेले पाहुणे गोठणगावकडची नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहतही बघून येतात आणि मला हमखास विचारतात, "गुरुजी, एवढ्या झाडीत हे तिबेटी कसे येऊन राहिले?"

सरकारनं जमीन दिली, हे झालं अर्धं उत्तर. 1959 साली दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून हजारो माणसं आली. 1972 साली त्यांतल्या काहींची वस्ती इथं, तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात, वसली. थंड पठारावरची माणसं धानाच्या बांध्यांशेजारी राहू लागली. राहायचं कुठं ते सरकारनं ठरवलं. कमवायला कुठं जायचं ते मात्र त्यांच्या नात्यागोत्यांनी ठरवलं. थंडीच्या तोंडावर वसाहतीतली कितीतरी घरं बंद होतात. माणसं स्वेटर विकायला निघतात. ज्या शहरात मावशीनं आधी दुकान लावलं, तिथंच भाची जाते. माल बहुतेक लुधियानाच्या व्यापाऱ्यांकडचा, बराचसा उधारीवर. हंगाम संपला की हिशेब. आधीच्यांनी पैसे चुकते केले, म्हणून नव्याला माल मिळतो. एकानं बुडवले तर साऱ्यांची पत जाते, हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

अमेरिकेत गुजराती पटेलांची इतकी मोटेलं झाली तीही अशीच. आधी गेलेला नातेवाईक नव्याला खोली देतो, काम देतो, आणि पुढं त्याला स्वतःचं मोटेल घ्यायचं झालं की चार घरं मिळून पैसे उभे करतात.

आमचं तरी काय वेगळं? धान निघालं की आमच्याकडचे बायामाणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. नागपूर जवळ, पण नागपुरात भाड्याची खोली कोण मिळवून देणार? मिरचीच्या गाडीत सगळं गाव सोबत असतं. ठेकेदार ओळखीचा, शेत गेल्या वर्षीचंच, आजारी पडलं तर पेज करून घालायला शेजारीण आहे. हा आधार फार मोठा आहे, त्याला मी कधी नावं ठेवणार नाही.

पण ओळख जिथवर पोचते तिथवरच माणूस जातो, याचं मला दुःख आहे. माझ्या एका विद्यार्थिनीला नागपुरात नर्सिंगला प्रवेश मिळत होता. फीची सोय होण्यासारखी होती. बापानं एवढंच विचारलं, "तिथं आपला कोनी आहे का, गुरुजी?" माझ्याकडे सांगायला एक नाव नव्हतं. त्या हिवाळ्यात ती आईसोबत मिरचीला गेली.

दोन वर्षांनी शेजारच्या गावातली एक मुलगी त्याच कॉलेजात लागली. तिचा नंबर मी हजेरीपटाच्या मागच्या पानावर लिहून ठेवला आहे. बारावीच्या मुलींचे आईबाप आले की प्रवेशाचा अर्ज नंतर काढतो, आधी तिला फोन लावून देतो.