सेसेन्याच्या गल्लीतले रणगाडे

देवळालीला तोफांचा सराव सुरू झाला की भगूरच्या आमच्या घराच्या काचा थरथरतात. शेजारचे नाना तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. मी टी-५५ रणगाड्याचा ड्रायव्हर, पुढे दफादार, म्हणजे रणगाडा दलातला हवालदार. ओट्यावर बसलो की आमचा वाद ठरलेला. गेल्या रविवारी ते म्हणाले, "दफादार, मागं पायदळ नसलं ना, तर तुझा रणगाडा पेट्रोलच्या बाटलीनंही पेटतो."

मला ते लागलं, कारण खरं आहे. स्पेनच्या यादवी युद्धात, २९ ऑक्टोबर १९३६ ला, माद्रिदच्या दक्षिणेला सेसेन्या गावात हेच झालं होतं.

जनरल फ्रँकोच्या बंडखोरांविरुद्ध स्पेनच्या सरकारच्या मदतीला गेलेल्या पहिल्या सोव्हिएत रणगाडा दलाचा प्रमुख होता सेम्योन क्रिवोशाइन. जन्म १८९९, व्होरोनेझचा, ज्यू घरातला. रशियातल्या यादवी युद्धात तो पहिल्या घोडदळ सेनेत लढला, १९३१ मध्ये फ्रुंझे लष्करी अकादमीतून बाहेर पडला आणि रणगाड्यांकडे आला. आमच्या रिसाल्यात आजही जवानाला सवार म्हणतात, त्यामुळे घोड्यावरून रणगाड्यात आलेला हा माणूस मला कधी परका वाटला नाही.

त्याच्या हाताखालचा पॉल आर्मान त्या दिवशी १५ टी-२६ रणगाडे घेऊन निघाला. टी-२६ म्हणजे ४५ मिलिमीटरची तोफ, आत तीन माणसं, आणि चिलखत १५ मिलिमीटर. रेडिओ बहुतेक फक्त कमांडरच्या गाडीत, बाकीच्यांनी झेंड्याच्या खुणा बघायच्या. रणगाडे गावात शिरले, अरुंद गल्ल्यांतून शत्रूला तुडवत पार पुढच्या एस्किव्हियासपर्यंत गेले. पायदळ मागेच राहिलं. ते चालत येणार, त्यात बरेचसे नवशिके. मग घरांच्या आडोशानं पेट्रोलच्या बाटल्या येऊ लागल्या. तीन रणगाडे गेले, बाकीचे परतले. गाव हाती आलं नाही. आर्मानला मात्र त्याच वर्षी ३१ डिसेंबरला सोव्हिएत संघाचा वीर ही पदवी मिळाली, आणि त्याच्या धाडसाबद्दल माझ्या मनात शंका नाही.

राजस्थानातल्या एका सरावात आमचंही असंच झालं होतं. झाकण लावलं की ड्रायव्हरला पेरिस्कोपमधून समोरची वाळू तेवढी दिसते. मागे काय चाललंय ते हेल्मेटमधल्या इअरफोनवर येईल तेवढंच. आम्ही जोरात दोन टेकड्या ओलांडल्या, आणि पायदळाच्या गाड्या मऊ वाळूत रुतलेल्या. पंचांनी आमचे तीन रणगाडे बाद केले. खऱ्या लढाईत मी जळालो असतो, हे त्या रात्री तंबूत मला पहिल्यांदा नीट कळलं.

म्हणून पुढे मॉस्कोत जे झालं त्याचं मला फार वाईट वाटतं. स्पेनमध्ये रणगाडे एकटे पडले, यावर उपाय काय? पायदळाला गाड्या द्या, प्रत्येक रणगाड्यात रेडिओ बसवा. नोव्हेंबर १९३९ मध्ये निघालं उलटंच: अनेक ब्रिगेडी एकत्र असलेली मोठी रणगाडा दलं, म्हणजे कोअरच, मोडायचे. त्या निर्णयात स्पेनहून परतलेल्या रणगाडा अधिकारी पावलोव्हच्या मताचं वजन होतं. कोअरचा विचार रुजवणाऱ्या तुखाचेव्हस्कीला १९३७ मध्ये गोळी घातली होती, रणगाडा खातं उभं करणाऱ्या खालेप्स्कीला १९३८ मध्ये. बोलायला उरलं कोण?

क्रिवोशाइन उरला. २२ सप्टेंबर १९३९ ला तो २९ व्या रणगाडा ब्रिगेडसह पोलंडच्या ब्रेस्ट शहरात होता; जर्मनांनी घेतलेलं ते शहर आता सोव्हिएत सैन्याकडे येत होतं. शहर सोडून जाणाऱ्या जर्मन तुकड्यांची मानवंदना घेताना शेजारी गुडेरियन. दोघं फ्रेंचमध्ये बोलत होते. एक ज्यू अधिकारी आणि हिटलरचा सेनापती, दोघंही रणगाडेवाले. तो फोटो मी किती वेळा बघितला असेल! आठ महिन्यांत याच गुडेरियननं फ्रान्समध्ये मोठ्या रणगाडा दलांचं काम दाखवून दिलं, आणि १९४० च्या उन्हाळ्यात सोव्हिएत सैन्यानं मोडलेले कोअर घाईघाईनं पुन्हा उभारायला घेतले. पण वर्ष गेलं ते गेलंच, आणि माणसं तर परत येणार नव्हती.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. चहा गार झाला होता. "मग त्या क्रिवोशाइनचं काय झालं रे पुढं?"

१९४५ मध्ये बर्लिनला पोचला, मी सांगितलं. हाताखाली मेकॅनाइज्ड कोअर होता. एक रणगाड्यांची ब्रिगेड, आणि तिच्यासोबत तीन ब्रिगेडी ट्रकवरच्या पायदळाच्या.