डिस्कस अबाउट

काल क्लायंटला मेल टाकला, 'वी विल डिस्कस अबाउट द डिले टुमॉरो', आणि टीम लीडने, माझ्याहून दहा वर्षांनी लहान पोरगा, फक्त तो अबाउट पिवळा करून मेल मला परत पाठवला, सगळे सीसीत तसेच. वर एक शब्द नाही. राग आला खरं तर, पण चूक माझीच होती मग काय बोलणार.

आज सकाळी ट्रेनमध्ये ठाण्यापासून ऐरोलीपर्यंत डोक्यात तेच. शाळेत बाईंनी यादी घोकून घेतलेली, डिपेंड ऑन, लिसन टू, अफ्रेड ऑफ, अजून झोपेतही म्हणेन. पण डिस्कससारखी ज्यांना पुढे काहीच लागत नाही त्यांची यादी कोणी दिलीच नाही ना. आणि मग दिघा गेल्यावर एकदम ट्यूब पेटली. आपण मराठीत 'चर्चतो' म्हणतच नाही, चर्चा करतो. चर्चा हे नाम, करणे नुसतं ओझं उचलणारं, त्यामुळे कशावर ते सांगायला 'वर' नाहीतर 'बद्दल' लावावंच लागतं. तोच बद्दल माझ्या मेलमध्ये अबाउट होऊन बसला! आणि गंमत म्हणजे इंग्रजीतही नाम आलं की अबाउट चालतोच, 'डिस्कशन अबाउट द डिले' एकदम बरोबर. डिस्कस क्रियापद असलं की मात्र ते थेट कर्मालाच जाऊन भिडतं.

मग अशा बाकीच्या चुकाही सापडायला लागल्या. आपण कशावर तरी भर देतो, म्हणून एम्फसाइज ऑन. खोलीत प्रवेश करतो, म्हणून एन्टर इन द रूम (करार करताना मात्र एन्टर इंटू लागतं, म्हणजे सुटका नाहीच). रजेसाठी विनंती करतो, म्हणून आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह, जे आमच्या ऑफिसात निम्मे लोक लिहितात आणि रजा मिळते पण. कोप अप विथ मधला अप कुठून आला ते मात्र मराठीवर ढकलता येत नाही, मला वाटतं कीप अप विथच्या घरचा पाहुणा असावा.

संध्याकाळी भाची आली, नववीत आहे, ग्रामरची वही घेऊन. म्हणे, "मावशी, मॅरिड विथ का नाही गं? त्याच्याशीच लग्न केलं ना तिने?" मी म्हटलं हाच तो, आपला 'शी' विथ होऊन घुसतो, तिकडे टू म्हणतात. मग तिने उलटा प्रश्न टाकला, टेल मी चालतं तर एक्सप्लेन मी का नाही. हे मला माहीत होतं, एकदाचं! टेल, गिव्ह ही जुनी घरगुती इंग्रजी क्रियापदं, ती थेट 'मी' घेतात. एक्सप्लेन, डोनेट अशी लॅटिनकडून आलेली लांबडी बहुतेक टू मागतात. म्हणून एक्सप्लेन टू मी. "म्हणजे भाव खातात," ती म्हणाली. अगदी.

पण तिचा खरा वैताग पुट अप विथवर. पुट म्हणजे ठेवणे, अप म्हणजे वर, आणि सगळं मिळून सहन करणे, हा काय प्रकार आहे, कोणी ठरवलं हे. तेवढ्यात आतून आई ओरडली, "अगं ते पोहे खाऊन टाक, गार होतायत."

"आता सांग," मी म्हटलं, "खाऊन झाल्यावर टाकायचं काय?"

ती दोन मिनिटं बशीकडे बघत बसली. मग म्हणाली, "आणि परवा बाबा रागात बोलून गेला म्हणतात आजी, तो तर घरीच होता."