31 मार्चला वित्त विभागात

जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात 31 मार्चला दोन घाया एकदम चालू असतात. चालू वर्षाची तरतूद बीडीएसवर, म्हणजे शासनाच्या निधी-वितरणाच्या ऑनलाइन प्रणालीवर काढून, कोषागारात बिल टाकून पैसा जिल्हा निधीत, म्हणजे जिल्हा परिषदेच्या खात्यात आणायचा, ही पहिली. मागच्या वर्षी असाच आणलेला पैसा आजच्या आज खर्ची टाकायचा, ही दुसरी आणि जास्त अवघड. जिल्हा नियोजन समितीकडून आलेला निधी खर्चायला जिल्हा परिषदेला दोन वर्षं मिळतात. नंतर उरेल ते चलनाने शासनखाती जमा.

यंदा दुपारी एका अंगणवाडी इमारतीचं अंतिम बिल आलं. इमारत पूर्ण, मुलं आत बसू लागलेली. एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप पुस्तकात, शाखा अभियंत्याची मोजमापं होती, उपअभियंत्याची तपासणीची सही नव्हती. वाळू-खडीची रॉयल्टी (शासनाचं शुल्क) भरल्याच्या पावत्याही नव्हत्या. पावत्यांवाचून अडत नाही, रॉयल्टी बिलातून कापता येते. कामगार उपकर 1 टक्का, करार अडीच लाखांवरचा म्हणून जीएसटीचा टीडीएस (बिलातूनच होणारी करकपात) 2 टक्के, ठेकेदार एकटी व्यक्ती म्हणून आयकर 1 टक्का, अशा कपाती लावून ठेवल्या. सहीला मात्र पर्याय नाही. एमबी तालुक्याला गेली, रात्री परत आली, बिल निघालं.

दुसऱ्या गावच्या अंगणवाडीला असं वाचवता आलं नाही. ग्रामपंचायतीच्या ठरावात एक गट नंबर, प्रत्यक्ष दाखवलेली जागा गायरानात. गायरानासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्या पत्रव्यवहारात पहिलं वर्ष संपलं. वर्क ऑर्डर दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात निघाली आणि मार्चअखेर काम जोत्यापर्यंतच आलं. झालेल्या कामापुरतं चालू बिल दिलं, उरलेल्या रकमेचं चलन भरलं.

लोक म्हणतात, मार्चमध्ये निधी परत गेला. तो परत जायचं ठरतं प्रशासकीय मान्यतेच्या, म्हणजे काम मंजूर होण्याच्या दिवशी, जागेचे कागद न बघता सही होते तेव्हा. ठराव, त्याच गटाचा 7/12 किंवा 8-अ, आणि शाखा अभियंत्याचा जागापाहणी अहवाल, एवढं जोडल्याशिवाय मान्यतेची फाइल पुढे सरकूच नये, असं माझं ठाम मत आहे. जिल्हा परिषद सदस्य मंजूर कामांची यादी घाईने मागतात हे खरं, पण यादीत गावाचं नाव आलं म्हणून इमारत उभी राहत नाही.

त्या जोत्यावरचं उरलेलं काम आता दायित्वात, म्हणजे आधीच्या देण्यात गेलं. पुढच्या वर्षीच्या अंगणवाडीच्या तरतुदीतून आधी ते भागेल, मग उरेल त्यात नवी कामं. म्हणजे ज्या गावाचा यात काही संबंध नाही, त्याचीही अंगणवाडी एक वर्ष लांबली.