पुरावा दुकानदाराने द्यायचा

नवा मॉनिटर वर्षाच्या आत लुकलुकायला लागला, तर आपल्याकडे दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "स्टॅबिलायझर लावला होता का?" पुढचा अर्धा तास आपण निर्दोष असल्याचं सिद्ध करण्यात जातो. इथे जर्मनीत, येना शहरात माझा मॉनिटर लुकलुकायला लागला, तेव्हा मी सवयीने तशीच तयारी करून बसलो होतो. शेजारच्या निवृत्त आजोबांनी ती सगळी मोडीत काढली. म्हणाले, तुम्ही काही सिद्ध करायचं नाही. त्यांनी करायचं.

झालंय असं, की जर्मनीत १ जानेवारी २०२२ पासून नियम बदलला. तुम्ही घरच्या वापरासाठी घेतलेल्या नव्या वस्तूत पहिल्या १२ महिन्यांत दोष दिसला, तर तो वस्तू तुमच्या हातात आली तेव्हापासूनच होता, असं कायदा धरून चालतो. तसं नव्हतं म्हणायचं असेल, तर पुरावा विक्रेत्याने आणायचा. आधी ही मुदत सहा महिन्यांची होती, ती दुप्पट केली. आणि विक्रेत्याची जबाबदारी एकूण दोन वर्षांची. दुसऱ्या वर्षी मात्र सिद्ध करायचं ओझं आपल्या डोक्यावर येतं.

विक्रेता ऑनलाइनवाला होता, नाव जाऊ दे. त्याचं पहिलं उत्तर आलं: "कृपया उत्पादक कंपनीशी संपर्क साधा." वाचून क्षणभर पुण्यातच असल्यासारखं वाटलं! आजोबा मात्र खूश झाले. त्यांना अशा भांडणांची हौस असावी. कंपनीची वॉरंटी ही कंपनीने आपणहून दिलेली, तिच्या अटी तिच्या. पण कायद्याची दोन वर्षं ज्याने पैसे घेतले त्याच्या गळ्यात. त्यामुळे कंपनीकडे बोट दाखवून त्याला सुटता येत नाही. फोन करू नका, ते म्हणाले. फोनवर माणूस गोड बोलतो आणि संध्याकाळी विसरतो. लेखी द्या, बिलाचा नंबर घाला, दोष दोन ओळींत सांगा, दुरुस्ती हवी की बदलून हवा ते तुम्हीच लिहा (ही निवड ग्राहकाची असते, एखादा पर्याय फारच खर्चिक असला तरच विक्रेता नाकारू शकतो) आणि शेवटी तारीख टाका: अमुक दिवसापर्यंत.

या तारखेची जादू मला अजून नीट कळलेली नाही. मी विनंती केली नव्हती, धमकीही दिली नव्हती, आवाज चढवायला तर समोर कुणी नव्हतंच. आपल्याकडे अशा वेळी ओळख काढावी लागते, किंवा काउंटरवर ठाण मांडून बसावं लागतं. इथे कोरडं पत्र गेलं आणि कुरिअरची चिठ्ठी आली. परत पाठवण्याचा खर्चही त्यांचाच. नवा मॉनिटर आला. दिलगिरीची एक ओळ नाही, "सर" नाही, "मॅडम" नाही. मला त्याचाही थोडा राग आला, हे खरं. एवढं कायदेशीर वागायचं आणि माणसाशी चार शब्द बोलायचे नाहीत?

पण कायद्याची दोन वर्षं संपली, की हा देश एकदम परका होतो. माझ्या जुन्या स्पीकरचा आवाज गेला, तेव्हा दुरुस्तीचा नुसता अंदाज सांगायलाही पैसे मागितले. पुण्याच्या तपकीर गल्लीत बोलता बोलता स्क्रू निघतात, फुगलेला कपॅसिटर बाजूला पडतो, आणि "उद्या या" ऐकून आपण निघतो. तो माणूस इथे कुठून आणायचा? येना ज्यात येतं त्या थुरिंगिया राज्याने २०२१ मध्ये दुरुस्तीसाठी अनुदान सुरू केलं: निम्मा खर्च सरकारचा, माणशी वर्षाला १०० युरोपर्यंत. शिवाय रिपेअर कॅफे आहेत. ही कल्पना २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला निघाली. जाणकार स्वयंसेवक दुरुस्ती करून देतात, पण तुम्ही शेजारी बसून हात लावायचा. माझा स्पीकर तिथेच बोलता झाला. चांगलंच आहे, फक्त जे आपल्या गल्लीत रोज चालतं, त्यासाठी यांना सरकारी योजना आणि स्वयंसेवक लागतात, एवढं नमूद करून ठेवतो.

भंगाराचंही तसंच. विद्युत उपकरणं विकणाऱ्या मोठ्या सुपरमार्केटना जुलै २०२२ पासून २५ सेंटीमीटरपर्यंतची जुनी उपकरणं घ्यावीच लागतात, नवं काही घेतलं नाही तरी. म्हणजे जिथे दूध घेतो तिथेच मेलेला माऊस देतो. पण फुकट! आपला भंगारवाला निदान वजन करून पैसे हातावर ठेवतो. पुढे त्या तारा दिल्लीच्या सीलमपूरसारख्या ठिकाणी पोचतात आणि तांब्यासाठी जाळल्या जातात, हे ठाऊक आहे. तो विषय इथे नको.

लॅपटॉप मी बदलला नाही. विंडोज ११ त्याच्या प्रोसेसरला चालत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पण युरोपातल्या घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेट आणखी वर्षभर फुकट मिळायचे ठरले, म्हणून रॅम वाढवली, एसएसडी टाकला. जुनी हार्ड डिस्क खोक्यात ठेवली आहे. बायको त्याला साठेबाजी म्हणते. असू दे.

आता भाच्याचा मेसेज आलाय: मामा, येताना लॅपटॉप आण, एक लॅपटॉप कस्टममध्ये माफ असतो. त्याला कळवलं, की इथल्या कीबोर्डवर झेड आणि वाय एकमेकांच्या जागी असतात, आणि बिघडला तर जबाबदार विक्रेता जर्मनीत बसलेला. खोकं भरून पुण्याहून इकडे पाठवणार कोण? तिथेच घे, जवळच्या दुकानातून, पक्क्या बिलावर. पैसे मी पाठवतो म्हणालोय. थोडे.