शीआनला जाताय? एका दिवसात उरकू नका

ठाण्याहून चीनच्या सहलीला निघालेले बरेच जण शीआनला एक दिवस देतात, चीनच्या पहिल्या सम्राटाच्या कबरीजवळ पुरलेले मातीचे सैनिक बघतात आणि पुढची ट्रेन पकडतात. तसं करू नका, निदान तीन दिवस काढा.

शाळेच्या पुस्तकातला युआन श्वांग आठवतो ना? दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेला, उपकार न विसरणारी आणि अपमान सहन न करणारी माणसं असं आपल्याबद्दल लिहून ठेवणारा. तो 645 मध्ये 657 ग्रंथ घेऊन याच शहरात परतला. ते ग्रंथ जपायला 652 मध्ये बांधलेला विटांचा मनोरा आजही उभा आहे. मेट्रोचं दायान्ता स्टेशन त्याचंच. मनोरा ज्या मंदिरात आहे त्याचं तिकीट वेगळं, मनोरा चढायचं वेगळं. सात मजले आहेत आणि लिफ्ट नाही, त्यामुळे गुडघे कुरकुरत असतील तर खालूनच बघा.

सैनिकांसाठी अख्खी सकाळ ठेवा. तिकीट पासपोर्टच्या नावावर ऑनलाइन निघतं, गेटवर तोच पासपोर्ट लागतो. मेट्रोच्या 9 नंबर लाइनने हुआछिंगछी, तिथून बस. रेल्वे स्टेशनबाहेर 'चला, थेट नेतो' म्हणणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. ते आधी प्रतिकृतींच्या दुकानात नेतात आणि तासभर तिथेच जातो. दार उघडताच सरळ खड्डा क्रमांक 1 गाठा, नंतर ग्रुप आले की पुढच्या कठड्याशी उभं राहायला जागा मिळत नाही. बाजूच्या कठड्याने मागपर्यंत चालत जा. तिथे तुकडे जोडून सैनिक उभे केले जातात, ते काम समोर दिसतं. 1974 मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना जे सापडलं, त्याची जोडणी अजून चालूच आहे. मग खड्डा 2 मधला गुडघा टेकलेला धनुर्धारी शोधा, काचेच्या पेटीत आहे. त्याच्या मागे जाऊन बुटाचा तळवा बघा: टाच आणि चवड्याकडे टाके दाट, मध्ये विरळ. जिथे झीज जास्त तिथे शिवण पक्की, हे कारागिराने मातीतसुद्धा सोडलं नाही.

संध्याकाळी जुन्या शहराच्या तटबंदीवर जा. पूर्ण फेरी 13.7 किलोमीटर, म्हणजे साधारण ठाणे ते घाटकोपर. दक्षिणेच्या योंगनिंगमन दरवाज्यावर सायकल भाड्याने मिळते. वरची फरसबंदी खडबडीत, तेव्हा पाठीचा त्रास असेल तर चालतच जा. पाऊस असला की सायकली बंद.

तारखा नीट बघा. 1 ते 7 ऑक्टोबर चीनमध्ये मोठी सुट्टी असते, दसऱ्याला जोडून जाल तर गर्दीत सापडाल. दिवाळीची सुट्टी उत्तम, फक्त सकाळसाठी स्वेटर हवा. अलीपे या पैसे भरायच्या ॲपला कार्ड घरूनच जोडा, गूगल मॅप्सवर विसंबू नका.

शाकाहारी असाल तर लिआंगफी मागा: गार शेवया, व्हिनेगर, लाल तिखट तेल, काकडी. मुस्लिम मोहल्ल्यात डुकराचं मांस नसतं, पण बीफ सर्रास असतं आणि साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही हाडांचा रस्सा असू शकतो. 'मी मांस खात नाही' हे वाक्य चिनी अक्षरांत मोबाइलमध्ये ठेवा आणि ऑर्डर द्यायच्या आधी दाखवा.