मारबतीच्या दिवशीची मीटिंग

नागपूरच्या इतवारीतला जुना वाडा पाडून फ्लॅट बांधायचे होते. वाडा पाच भावांचा, बिल्डर बाहेरगावचा, नकाशे माझे. खाली पार्किंग, वर चार मजले, पुढे उंच कम्पाउंड वॉल आणि सरकतं लोखंडी गेट, एवढी साधी मागणी. बिल्डरचा हिशेब समजण्यासारखा होता. फ्लॅटमागे गाड्यांची जागा द्यावीच लागते आणि खांबांवरचं पार्किंग एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर मंजूर असलेल्या बांधकामात, धरत नाहीत, मग अख्खा तळमजला गाड्यांनाच जातो. मनीषनगर, बेसा भागात फिरून पाहा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नुसते खांब आणि बंपर, आणि खुर्चीत पेंगणारा वॉचमन.

मला वाड्याचे दर्शनी दोन गाळे ठेवायचे होते, एक पिको-फॉलचा, एक मुरमुऱ्यांचा. त्यांच्यापुढचा ओटाही. गाड्या मागच्या बोळातून आत घ्यायच्या. इंदूरच्या अरण्य वसाहतीत आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी घरापुढे ओटे आणि बाहेरून जिने दिले, १९९५ साली तिला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला, हे मी सांगून पाहिलं. "ते गरिबांसाठी होतं हो," बिल्डर म्हणाले.

शेवटची बैठक वाड्यातच ठरली. तारीख थोरल्या भावाने दिली आणि ती तान्ह्या पोळ्याची, म्हणजे मारबतीच्या मिरवणुकीची आहे हे सांगायचं शिताफीने टाळलं. बिल्डरसाहेबांची गाडी गांधीबागेतच अडकली. गर्दीतून चालत, घामाघूम होऊन ते पोचले तेव्हा रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. ईडापीडा घालवायला काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईचे मोठाले पुतळे, मिरवत काढायची ही रीत शंभराहून जास्त वर्षांची. सोबत महागाईपासून खड्ड्यांपर्यंत कशावरही बनवलेले बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे. "ईडा पीडा घेऊन जाऽऽ गे मारबत" या आरोळीत नकाशा कोण उलगडणार? आम्ही ओट्यावर चढलो.

ओटा काळ्या दगडाचा, गुडघाभर उंच, अडीच फूट रुंद. बसून बसून कडा तुळतुळीत झालेली. पोलीस रस्ता मोकळा करायला लोकांना वर ढकलत होते, बाया लेकरांना घेऊन तिथेच टेकत होत्या. पिकोवाल्याने मशीन आत ओढून दोन म्हाताऱ्यांना जागा करून दिली. वर लाकडी गॅलरीत सगळ्या सुना. मारबत समोरून गेली तेव्हा साहेबांनीही मोबाइल वर धरला होता.

गर्दी ओसरल्यावर वाड्यातल्या आजींनी नकाशावर बोट ठेवलं. "हे काय?"

"पार्किंग, आजी."

"गाड्याईले खाली जागा, अन् आमाले? मारबत पाहाले मी काय लिफ्टच्या दारात उभी राहू?"

"वर्षातून एकच दिवस असतो, आजी."

"अन् बाकीचे दिवस काय मी मेली राहातो?"

यावर साहेब हसले, पण मानले ते रेटवर. इतवारीत रस्त्याला लागून असलेला गाळा वरच्या फ्लॅटपेक्षा चढ्या भावाने जातो. गाळ्यांचा एफएसआय कापूनही तोटा होत नाही, हे मी तिथेच कॅल्क्युलेटरवर दाखवलं. शिवाय या घरांत चारचाकीपेक्षा दोनचाकीच जास्त. मागच्या भागात त्या सहज मावतात.

गॅलरीचं मात्र सुनांनीच पटवलं. नागपुरात होळी झाली की गॅलरी कूलरची, पाऊस पडेपर्यंत. कूलर बसला की माणसाने उभं कुठे राहायचं? म्हणून प्रत्येक खिडकीबाहेर कूलरपुरता वेगळा स्लॅब, तिथेच नळ आणि पाणी जायला पाइप असं मी काढलं. गॅलरी रस्त्याकडे, मोकळी. खर्च किरकोळ, तरी बहुतेक नकाशांत हे नसतं आणि मग उन्हाळाभर खालच्या माणसाच्या डोक्यावर पाणी टपकतं.

ओटा राहिला, आपल्याच हद्दीत, नालीच्या अलीकडे. साहेबांना त्यावर रात्री लावायला ग्रिल हवी आहे, "कोणीही येऊन बसेल." थोरल्या भावाने करारनाम्यात ओळच घालून घेतली: ओट्यावर ग्रिल लागणार नाही. वकिलाने दोनदा विचारलं, हे खरंच टाइप करू का.