बॉयलर चालू, तरी रेडिएटर कोमट

इंग्लंडमधील लीड्स येथील आमच्या घरात यंदाच्या हिवाळ्यात बॉयलर, म्हणजे घरासाठी पाणी तापवणारे गॅसचे यंत्र, व्यवस्थित पेटत होता, नळालाही गरम पाणी येत होते. खोल्या मात्र काही केल्या उबदार होईनात. अशा वेळी बॉयलरला दोष देण्याआधी रेडिएटरला, म्हणजे आतून गरम पाणी फिरून खोली उबदार करणाऱ्या भिंतीलगतच्या धातूच्या पॅनेलला, हात लावून पाहावा, असे माझे ठाम मत आहे. तो वरच्या बाजूस गार आणि खाली गरम असेल, तर आत हवा अडकलेली असते. यंत्रणा बंद करून ती निवल्यावर किल्लीने वरचा स्क्रू थोडा सैल केला की हवा फुसकन बाहेर पडते, आणि पाणी ठिबकू लागताच तो आवळायचा. हवा गेली की यंत्रणेतील पाण्याचा दाबही उतरतो, म्हणून यंत्रणा थंड असताना दाबमापक १ ते १.५ बारच्या (बार हे दाबाचे एकक) दरम्यान आहे ना, हे अवश्य पाहावे.

आमचा बैठकीतला रेडिएटर मात्र खालच्या बाजूस, मध्यभागी गार होता. ही खूण गाळाची. पोलादी रेडिएटर आतून गंजतात आणि तो गंज तळाशी साचून पाण्याची वाट अडवतो. आमच्याकडे निघालेले पाणी शाईसारखे काळे होते. यंत्रणा धुवून घेऊन पाणी बॉयलरकडे परत नेणाऱ्या नळीवर गंजाचे कण पकडणारी चुंबकीय गाळणी बसवणे हाच यावरचा खरा उपाय. बॉयलरचे आवरण उघडण्याचे काम मात्र ‘गॅस सेफ’ या ब्रिटनमधील गॅस तंत्रज्ञांच्या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्या तंत्रज्ञाकडेच सोपवावे.